जवळच्या वाटा आणि सोबतीची माणसे

इंदूरमधल्या मराठी घरांना प्रवास नवा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला नातेवाइकांकडे जाणे, लग्नमुंजीच्या निमित्ताने चार गावे पाहणे आणि वर्षातून एकदा कुलदैवताच्या दर्शनाला जाणे, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मात्र कोणाकडे कार्य नाही, कोणता नवस फेडायचा नाही, तरीही एखादी नदी उगमापाशी जाऊन पाहावी, एखाद्या पडक्या महालात निवांत दोन तास घालवावेत, अनोळखी गावाच्या आठवडी बाजारात हिंडावे, अशी ओढ ज्यांना असते त्यांना घरातच सोबत मिळेल याची खात्री नसते. कोणाला रजा मिळत नाही, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला विनाकारण केलेला प्रवास हा पैशांचा अपव्यय वाटतो. अशी ओढ असलेली माणसे प्रत्येक वस्तीत असतात, पण एकाच इमारतीत राहूनही त्यांना एकमेकांची ही आवड ठाऊक नसते. गेली काही वर्षे आम्ही इंदूरमध्ये अशा माणसांचा एक गट बांधत आलो आहोत. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष किंवा सचिव नाहीत. तरीही तो टिकला आहे आणि वाढतो आहे.

या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. प्रवासप्रेमींचा गट लांबच्या आणि मोठ्या सहलीने बांधला जात नाही. आठ-दहा दिवस हिमाचलात किंवा केरळात एकत्र काढलेली माणसे परतल्यावर फोटोंची देवाणघेवाण करतात, महिनाभर एकमेकांना शुभ सकाळ म्हणतात आणि मग आपापल्या संसारात गढून जातात. गट बांधला जातो तो महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी, घरापासून दोन-अडीच तासांच्या आत असलेल्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा एकत्र गेल्याने. जवळच्या फेरीला रजा लागत नाही, खर्च बेताचा असतो, एखाद्या वेळी जमले नाही तरी पुढच्या महिन्यात जाता येते आणि ज्याला घरच्यांची परवानगी मिळवावी लागते त्याला ती सहज मिळते. लांबच्या सहलीही आम्ही करतो, परंतु त्या या फेऱ्यांतून आपोआप निघालेल्या असतात.

या बाबतीत इंदूर खरोखर भाग्यवान आहे. माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेला हे शहर वसलेले आहे. महूच्या थोडे पुढे गेले की विंध्याचा कडा तुटतो आणि खाली निमाड हा नर्मदाकाठचा प्रदेश सुरू होतो. ८५४ मीटर उंचीच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन यमुनेला मिळते. त्याच परिसरातली चोरल मात्र दक्षिणेकडे उतरून नर्मदेत जाते. म्हणजे एकाच रविवारी सकाळी बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी आणि दुपारी अरबी समुद्राकडे निघालेले पाणी पाहता येते. हे आमच्या गटातल्या भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षकांनी जानापावच्या माथ्यावर उभे राहून समजावून सांगितले तेव्हा, वर्षानुवर्षे त्या डोंगरावर परशुरामाच्या दर्शनाला जाणाऱ्या आमच्या काकूंनी पहिल्यांदाच दोन्ही बाजूंच्या उताराकडे निरखून पाहिले. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर आणि उज्जैन ही सारी ठिकाणे सुमारे शंभर किलोमीटरच्या आत आहेत. शहराला लागून असलेले सिरपूरचे तळे आणि थोड्या अंतरावरचा यशवंत सागर या दोन्ही जागांचा समावेश २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला आहे, आणि यशवंत सागराच्या काठाला सारस पक्ष्यांचा आसरा म्हणून विशेष महत्त्व आहे. एवढी विविधता इतक्या जवळ असताना गट बांधायला मनाली कशाला हवी?

सोबतीची माणसे शोधावीत कुठे, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. जिथे माणसे आधीपासूनच काही पाहण्यासाठी किंवा ऐकण्यासाठी स्वखुशीने जमलेली असतात तिथे शोधावीत, असे माझे उत्तर आहे. हिवाळ्यात सिरपूरच्या काठावर भल्या सकाळी दुर्बीण घेऊन उभे असलेले लोक, नर्मदा परिक्रमेच्या अनुभवकथनाला येऊन शेवटी प्रश्न विचारणारे श्रोते, ग्रंथालयात प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी रेंगाळणारे वाचक, पावसाळ्यात पातालपाणी ते कालाकुंड या घाटातल्या वारसा गाडीत खिडकीशी बसून बोगदे मोजणारे प्रवासी, यांच्यातून आमची पहिली माणसे मिळाली. कालाकुंडच्या फलाटावर पानांत बांधून मिळणारा कलाकंद खाता खाता ज्यांच्याशी ओळख झाली, त्यांच्यातले काही जण आज गटाचे आधारस्तंभ आहेत. माणूस निवडताना मी एक कसोटी लावते. तो किती ठिकाणी गेला आहे हे मी विचारत नाही. एखाद्या ठिकाणी तो दुसऱ्यांदा का गेला हे विचारते. ठिकाणांची यादी पूर्ण करण्याची घाई असलेला माणूस या प्रश्नावर अडखळतो. ज्याला खरोखर पाहायचे असते तो मात्र उत्साहाने सांगू लागतो की पहिल्यांदा मांडूला उन्हाळ्यात गेलो होतो, तेव्हा जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी कोरडी होती, म्हणून ती भरलेली पाहायला श्रावणात पुन्हा गेलो.

गट प्रवासात जितका घडतो त्याहून अधिक तो दोन प्रवासांच्या मधल्या काळात घडतो. आमची महिन्यातून एक बैठक असते, कधी लोकमान्य नगरात, कधी राजेंद्र नगरात, ज्याच्या घरी सोयीचे असेल त्याच्याकडे. एक जण नुकत्याच केलेल्या प्रवासाविषयी बोलतो आणि बाकीचे प्रश्न विचारतात. बोलणाऱ्याने मोजकीच छायाचित्रे दाखवावीत असा संकेत आहे, कारण शेकडो छायाचित्रे पडद्यावरून सरकू लागली की प्रश्न थांबतात आणि ऐकणारे जांभया देऊ लागतात. त्याऐवजी त्याने वाट सांगावी, खर्च सांगावा, काय चुकवू नये आणि कशासाठी वेळ घालवू नये ते सांगावे, अशी अपेक्षा असते. चहापोह्यांचा खर्च यजमानाने करायचा, आणि पोह्यांवर शेव व जिरावण मसाला यांपलीकडे काही करायचे नाही, हेही ठरलेले आहे. पदार्थांची चढाओढ सुरू झाली की साध्या घरातली माणसे बैठक आपल्याकडे बोलवायला संकोचतात, हे मी इतर अनेक मंडळांत पाहिले आहे.

या बैठकीतून जी वही तयार झाली ती मला गटाची सर्वांत मौल्यवान ठेव वाटते. जाऊन आलेला प्रत्येक जण तिच्यात नोंद करतो. पर्यटन पुस्तिकांत जे छापलेले असते ते पुन्हा लिहायचे नाही. जे छापलेले नसते तेवढेच लिहायचे. स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते वापरण्याजोगे आहे का, परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, पायऱ्यांना कठडा आहे का, कोणत्या वारी बाजार भरतो, सावली कोणत्या बाजूला आणि किती वाजेपर्यंत असते, जेवण साधे व ताजे कुठे मिळते. मांडूच्या पानावर कोणी लिहिले आहे की रूपमतीच्या मंडपापर्यंतचा चढ ज्येष्ठांनी सकाळीच चढावा. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात गोरखचिंचेची झाडे रस्त्याच्या कोणत्या वळणावर आहेत आणि त्यांची फळे कोण विकते याची नोंद आहे. महेश्वरच्या पानावर, हातमागाचे काम पाहायचे असेल तर दुपारच्या जेवणाच्या वेळेत जाऊ नये, कारण माग बंद असतात, असे लिहिलेले आहे. स्वच्छतागृहांच्या नोंदी सुरुवातीला काही पुरुष सभासदांना क्षुल्लक वाटत होत्या. आमच्यातल्या स्त्रियांनी मात्र शांतपणे सांगितले की या एका माहितीअभावी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि पाणी न पिता उन्हात हिंडलेला दिवस कसा जातो हे त्यांना विचारावे. त्यानंतर ती नोंद प्रत्येक पानावर सर्वांत वर असते.

पैशांचा प्रश्न लाजेने टाळला की गट फुटतो. या बाबतीत आम्हांला कोणताही नवा शोध लावावा लागला नाही, कारण वारीने हे फार पूर्वी सोडवून ठेवले आहे. दिंडीबरोबर चालणारा वारकरी निघण्यापूर्वीच आपली भिशी भरतो आणि त्या रकमेतून वाटभर सर्वांचे जेवणखाण चालते. आम्हीही तसेच करतो. वाहन, चहा, जेवण, प्रवेशशुल्क यांचा अंदाज करून प्रत्येकाकडून आधीच समान रक्कम घेतली जाते, एक जण खजिनदार होतो आणि परतीच्या वाटेवर, गाडी इंदुरात शिरण्यापूर्वी, हिशेब मोठ्याने वाचला जातो. उरलेले पैसे परत करायचे, पुढच्या खेपेला वळते करायचे नाहीत, कारण वळते केलेल्या रकमांमुळे हिशेब गुंतत जातो आणि संशयाला जागा होते. आयत्या वेळी रद्द करणाऱ्याला वाहनाचा वाटा परत मिळत नाही. आजारपण आणि घरातले दुःख हे दोनच अपवाद आहेत. हे नियम कठोर वाटतील, पण ते सर्वांना सारखे लागू असल्यामुळे कोणाला कोणाचे उपकार वाटत नाहीत.

वारीचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात; आणि हे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करातली रांग, क्रम आणि तळ यांची घडी त्यांनी भक्तांच्या चालण्याला दिली. मध्य भारतातल्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा असेच हे आहे. या सोहळ्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी प्रथा संध्याकाळच्या समाज आरतीच्या वेळची आहे. पालखी तळावर पोहोचली की चोपदार शांततेची खूण करतात आणि सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन तक्रार ऐकतात, सापडलेल्या आणि हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि त्यानंतर आरती होते. म्हणजे गाऱ्हाणे मनात ठेवून कोणी झोपत नाही. आमच्या गटाने हीच पद्धत घेतली आहे. परतण्यासाठी गाडीत बसण्यापूर्वी आम्ही गोल उभे राहतो आणि त्या दिवसाचा जो प्रमुख असेल तो विचारतो की कोणाचे काही राहिले आहे का, कोणाला काही खटकले आहे का. चालण्याचा वेग फार होता, अमुक जण सतत फोनवर बोलत होते, जेवायला फार उशीर झाला, असे जे काही असेल ते तिथेच, सर्वांसमोर आणि सौम्य शब्दांत बोलले जाते. नंतर फोनवरून दोघादोघांत कुजबुज करायला काही उरत नाही.

आकाराबद्दल आमचे ठाम मत आहे की एका फेरीला एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील एवढीच माणसे असावीत. बस करावी लागली की ध्वनिक्षेपक येतो, उतरताना गर्दी होते, मोजणी करावी लागते, आणि प्रवासाची सहल होते. चालताना सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक असे दोन जाणते सभासद असतात, मागचा कधीही कोणाच्या पुढे जात नाही, आणि पुढच्याने आपला वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावरून ठरवायचा असतो. प्रमुखपण दर वेळी बदलते. सुरुवातीला हे प्रमुखपण उत्साही तरुणांकडेच जाई. आता मुद्दाम संकोची माणसांना ते दिले जाते. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका कधीही चार वाक्ये सलग बोलत नसत. त्यांच्याकडे महेश्वरची फेरी आली तेव्हा ते आधी एकटेच जाऊन सर्व पाहून आले, नावाड्यांशी दर ठरवून आले आणि अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्यकारभार कसा चालवला याविषयी घाटाच्या पायऱ्यांवर बसून इतके नेमके बोलले की त्यानंतर त्यांना गप्प बसू देणे कोणालाच मान्य नव्हते.

मतभेद होतात आणि ते व्हावेतच. ओंकारेश्वरच्या वेळी आमच्यात दोन स्पष्ट तट पडले होते. काहींना ज्योतिर्लिंगाचे दर्शन आणि अभिषेक याखेरीज तिथे जाणेच अर्थहीन वाटत होते; काहींना रांगेत दिवस घालवण्याऐवजी, ते मंदिर ज्यावर आहे ते नर्मदेतले बेट पाहायचे होते. एकमत करण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. बेटाभोवतीची परिक्रमेची वाट सुमारे सात किलोमीटरची आहे. तिच्यावर गौरी सोमनाथाचे आणि सिद्धनाथाचे प्राचीन मंदिर आहे, सिद्धनाथाच्या जोत्यावरचे हत्ती तर कितीही वेळ पाहावेत असे आहेत, आणि २०२३ मध्ये उभारलेली आदि शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्तीही याच बेटाच्या डोंगरावर आहे. दर्शनवाले रांगेत उभे राहिले, चालणारे चालायला गेले आणि दुपारी ठरलेल्या वेळी सर्व जण घाटावर भेटले. जेवताना दोन्ही बाजूंनी इतके सांगण्यासारखे होते की पुढच्या वेळी बऱ्याच जणांनी आपापला तट बदलला. एका गटात असणे म्हणजे प्रत्येक क्षणी एकत्र असणे नव्हे, हे एकदा स्पष्ट झाले की उपवास, खाण्यापिण्याच्या सवयी, छायाचित्रांचा हव्यास, दुपारची झोप, या सर्व बाबी सोप्या होतात.

गटातल्या स्त्रियांविषयी मला विशेष आत्मीयतेने लिहायचे आहे. पन्नाशी-साठीच्या अनेक जणींनी आयुष्यात कधीही नवरा, मुलगा किंवा भाऊ यांच्याशिवाय शहराबाहेर पाऊल ठेवले नव्हते. त्यांना आवड नव्हती असे नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आमच्या एका वहिनींनी यजमान गेल्यानंतर वर्षभर घराबाहेर पडणेही सोडले होते. त्यांच्या शेजारणीने त्यांना सिरपूरला पक्षी पाहायला आणले, कारण ते ठिकाण घरापासून जवळ होते आणि दहा वाजेपर्यंत परत येता येत होते. तिथून जानापाव, तिथून महेश्वर, असे करत त्या आता फेऱ्यांचे नियोजन करतात आणि वाहनचालकाशी भाडे ठरवताना त्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. पहिलीच फेरी पाच दिवसांची आणि दूरची असती तर त्या कधीही आल्या नसत्या, आणि जवळच्या फेऱ्यांचा मी जो इतका आग्रह धरते त्याचे मुख्य कारण हेच आहे. ज्याला मोठ्या प्रवासाला कोणी अडवत नाही तो कुठेही जाईल. ज्याला उंबरठाच ओलांडायचा आहे त्याच्यासाठी आधी जवळची वाट असली पाहिजे.

सोबत जाणे हा समुदायाचा एक भाग झाला. येणाऱ्याला ठेवून घेणे हा दुसरा, आणि आपल्याकडे त्याचा विचार कमी होतो. १९०९ मध्ये जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी भटकंतीला निघाले असता वादळात सापडले आणि त्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. त्यातून त्यांना तरुण प्रवाशांसाठी स्वस्त निवाऱ्यांची कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, डेन्मार्कमध्ये सर्व्हास ही चळवळ सुरू झाली. परक्या देशातल्या प्रवाशाला आपल्या घरी दोन रात्री ठेवून घेतले तर माणसांतले वैर कमी होईल, असा तिचा विश्वास होता. नर्मदेच्या काठच्या लोकांनी हे कोणत्याही संस्थेशिवाय शतकानुशतके केले आहे. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता चालणाऱ्या परिक्रमावासीला वाटेतल्या गावांत सदावर्त मिळते, ओसरी मिळते, आणि ‘नर्मदे हर’ एवढीच ओळख पुरते. सरदार सरोवराची पातळी सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचली आणि काठावरच्या अनेक जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. वाटा बदलल्या, पण परिक्रमावासींना जेवू घालणारी घरे बदलली नाहीत.

महाराष्ट्रातून परिक्रमेला निघालेले कितीतरी जण इंदूरमार्गे ओंकारेश्वरला जातात. त्यांना एक रात्र घरी ठेवून घ्यायचे, ही कल्पना गटातल्या एका आत्यांची. आता चातुर्मास संपला की आमच्या काही घरांतून अशा पाहुण्यांसाठी अंथरूण तयार असते. सांगली-साताऱ्याकडचे शेतकरी, निवृत्त पोस्टमन, नोकरीतून रजा काढलेल्या मुली, असे नाना प्रकारचे लोक आमच्याकडे जेवले आहेत. आम्ही त्यांच्याकडून पैसे घेत नाही. परिक्रमा पूर्ण झाल्यावर परतीच्या वाटेवर पुन्हा यावे आणि बैठकीत बोलावे, एवढीच विनंती करतो. बरेच जण येतात. पायांना भेगा पडलेल्या त्या माणसांना जमिनीवर बसून बोलताना ऐकणे हा आमच्या बैठकींतला सर्वांत समृद्ध भाग आहे.

ज्यांना चालता येत नाही त्यांचेही स्थान गटात असले पाहिजे, असे मला वाटते. आमच्या एका आजींना आता जिना उतरवत नाही, पण त्यांनी लहानपणापासून अकोला-खांडवा-इंदूर हा मीटर गेजचा प्रवास केला आहे. मेळघाटात धुळघाटजवळ रूळ वळसा घालून स्वतःच्याच वरून जातो तेव्हा मुले खिडकीतून खालचा रूळ कसा शोधत असत, खांडव्याला उतरून कोणत्या गाडीत बसायचे, डब्यात काय काय बांधून घेतलेले असे, हे त्या सांगतात आणि आम्ही वहीत लिहून घेतो. मार्ग रुंदीकरणाच्या कामासाठी तो जुना रूळ टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. इंदूरच्या मराठी माणसांचा वऱ्हाडाशी असलेला थेट दुवा त्याबरोबर तुटला. आजींच्या सांगण्यावरून आमच्यातल्या काही तरुणांनी त्या मार्गावरची जुनी स्थानके पाहण्याचा बेत आखला आहे.

एका प्रवासातून किंवा आठवणीतून पुढचा प्रवास कसा निघतो, हा मुद्दा मला अधिक विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण गट जिवंत राहतो तो अशाच कुतूहलामुळे. आम्ही धार जिल्ह्यातल्या बाघच्या बौद्ध लेणी पाहायला गेलो होतो. भित्तिचित्रांविषयी खूप वाचून गेलो होतो आणि तिथे गेल्यावर कळले की वालुकाश्मात ओल शिरून चित्रे नष्ट होऊ लागल्यामुळे त्यांतली बरीचशी काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात ठेवली आहेत. निराश होऊन परतण्याऐवजी त्याच संध्याकाळी ग्वाल्हेरचा बेत ठरला. ग्वाल्हेरला गेल्यावर तिथल्या मराठी मंडळींशी ओळख झाली, त्यांनी किल्ला दाखवला, आणि पुढच्या पावसाळ्यात ती मंडळी आमच्याकडे मांडू पाहायला आली. होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीच्या दारावर एक लेख आहे; शाहजहानच्या वास्तुविशारदांनी १६५९ मध्ये इथे येऊन या वास्तूला मानवंदना दिल्याचा त्यात उल्लेख आहे. तो लेख वाचताना ग्वाल्हेरच्या एका पाहुण्यांनी सुचवले की आता सर्वांनी मिळून आग्र्याला जावे. कोणीही सक्ती केली नाही, कोणी वार्षिक कार्यक्रम छापला नाही. एका ठिकाणी अर्धवट राहिलेले कुतूहल पुढच्या ठिकाणी घेऊन गेले.

दोन बाबतींत मात्र आम्ही कोणालाही सवलत देत नाही. पहिली पाण्याची. पावसाळ्यात महूच्या परिसरातले धबधबे फार मोह घालतात, आणि वरच्या भागात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी काही क्षणांत चढते. जुलै २०११ मध्ये पातालपाणी येथे पर्यटक अशाच पाण्यात वाहून गेले होते. म्हणून आमच्या फेरीत धबधब्याच्या पात्रात कोणीही उतरत नाही, छायाचित्रासाठी कड्यावर जात नाही, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याला पुढच्या फेरीचे निमंत्रण नसते. दुसरी कचऱ्याची. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूर सतत अग्रस्थानी राहिले याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. परंतु शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा करणारा माणूस जानापावच्या जंगलात पाण्याची रिकामी बाटली टाकून येत असेल तर त्या अभिमानाला काय अर्थ आहे? आमच्या गाडीत रिकाम्या पोत्या असतात, आपला कचरा तर परत येतोच, वाटेत दिसलेलाही शक्य तेवढा उचलला जातो आणि घरी आल्यावर कचरागाडीत जातो.

गट मराठी माणसांतून उभा राहिला असला तरी तो मराठी माणसांपुरता ठेवू नये, असे बैठकीत बऱ्याच चर्चेनंतर ठरले. आमच्या शेजारी माळवी, सिंधी, बोहरा, केरळी कुटुंबे राहतात आणि प्रवासाची ओढ कोणा एकाच भाषेच्या वाट्याला आलेली नाही. बैठक मराठीत चालते, कोणी पाहुणा असेल तर हिंदीत. आणि वहीत ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावे अशी मोकळीक आहे. निमाडातल्या गावांची नावे आणि तिथले सण माळवी सभासदांना जितके ठाऊक असतात तितके आम्हांला नसतात, हे प्रत्येक फेरीत जाणवते.

इच्छुकांची संख्या आता एका गाडीत मावत नाही. मोठी बस करावी असे काहींचे मत होते. मी त्याला विरोध केला आणि अखेर दोन गट करण्याचे ठरले, एक शहराच्या पश्चिम भागातल्यांचा आणि एक पूर्व भागातल्यांचा. भिशी, हिशेब आणि गाडीत बसण्यापूर्वीचे गोल उभे राहणे दोन्हीकडे तसेच राहील, बैठक एक महिना या बाजूला आणि एक महिना त्या बाजूला होईल, आणि प्रत्येक फेरीत दुसऱ्या गटातल्या दोघांसाठी जागा राखून ठेवली जाईल. वहीची संपूर्ण प्रत काढण्याचे काम आमच्या वहिनींनी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी अंगावर घेतले आहे. जुन्या नोंदींतल्या बसच्या वेळा त्या स्थानकावर जाऊन पुन्हा तपासत आहेत. नव्या गटाची पहिली फेरी यशवंत सागरला सारस पाहण्यासाठी असेल आणि तिचे प्रमुखपण, कोणीही सुचवण्यापूर्वी, बँकेतल्या काकांनी स्वतःहून मागून घेतले आहे.